विसळलेल्या नळ्या

धुऊन, वाळवून, ओळीने लावून ठेवलेल्या काचेच्या नळ्या मी पुन्हा एकदा विसळल्या. माझा गुन्हा एवढाच. पण नळीच्या तळाशी राहिलेल्या त्या दोन थेंबांनी एका विषाणूचं वरचं कवच उतरवलं, त्यातून माझा एक जगावेगळा शोध जन्माला आला, आणि तो शोध मरताना एका बाईची नोकरी सोबत घेऊन निघाला.

तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. पोरवयात झालं असेल, असं कोणी म्हणू नये म्हणून आधीच सांगते. दोन मुलांची आई, कुंभकोणमच्या एका महिला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, नाकावर चष्मा, आणि डोक्यात असा समज की आपल्याला जे दिसतं ते साऱ्या कावेरीकाठी दुसऱ्या कोणाला दिसत नाही. ती बाई आज मला बसमध्ये भेटली तर मी सरकून तिला जागा देणार नाही. उभी राहू दे म्हणावं.

नोकरी सांभाळून मी पीएच.डी.ला नाव घातलं होतं. विषय रोटाव्हायरस, लहान लेकरांना जुलाबाने सुकवून टाकणारा विषाणू. त्यातलंही माझ्या वाट्याला एक एवढंसं टोक आलं होतं: पेशीच्या आत हा विषाणू जोडला जात असताना त्याचा अर्धवट तयार कण एका प्रथिनाला कसा चिकटतो, ते शोधायचं. नातवंडं विचारतात, "आज्जी, म्हणजे काय करायचीस तू?" त्यांना मी लग्नघराच्या भाषेत सांगते. तसंच इथेही सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

पेशी म्हणजे लग्नघर, आणि विषाणूचा कण म्हणजे नवरी. नवरीच्या अंगावर एकूण तीन पदर चढायचे असतात. पहिले दोन बाहेरच्या सोप्यावरच चढतात. विषाणू तिथे स्वतःचा छोटा कारखानाच मांडतो. दोन पदरांची नवरी काही मांडवात नेता येत नाही. तिसरा पदर, म्हणजे भरजरी नऊवारी, आतल्या खोलीत ठेवलेली असते. त्या आतल्या खोलीला पुस्तकात आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. खोलीच्या दारात एक आत्या उभी असते, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. बाहेर काढलेल्या हाताने ती अर्धवट नेसलेल्या नवरीचा दुसरा पदर पकडते आणि तिला आत ओढून घेते. आत नऊवारी चढते. तिच्या निऱ्या ज्या पिनांनी धरून ठेवल्या जातात त्या पिना म्हणजे कॅल्शियम. एकदा नऊवारी चढली की दुसरा पदर झाकला जातो. मग आत्याच्या बोटांना धरायला काही उरत नाही. तिची पकड फक्त अर्धवट नेसलेलीवर, पुरती नेसलेलीवर नाही.

त्या आत्याचं शास्त्रातलं नाव एनएसपी४. दुसऱ्या पदराचं व्हीपी६. ही नावं आता मला नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ आहेत, यात माझा काय दोष?

माझा प्रयोग असा. आत्याचा फक्त हात, म्हणजे त्या प्रथिनाचं बाहेरचं शेपूट, प्लॅस्टिकच्या थाळीतल्या छोट्या छोट्या वाट्यांच्या तळाशी चिकटवून ठेवायचा. काचेच्या नळीत पातळ केलेले कण वरून ओतायचे. मग वाट्या धुवायच्या. कण धरले गेले असतील तर शेवटच्या औषधाने वाटी निळी होते आणि वरून आम्ल घातलं की पिवळी. धरले गेले नसतील तर पाण्यासारखी राहते. दोन पदरांच्या कणांची वाटी पिवळी व्हायलाच हवी. तीन पदरांच्या कणांची कोरी राहायला हवी. ती कोरी वाटी म्हणजे कंट्रोल, प्रयोग खरं बोलतोय की नाही याची साक्षीदार. एवढं जमलं की मग शेपटाचं टोक थोडं थोडं छाटत जायचं आणि कोणत्या बोटाने पकड बसते ते बघायचं.

कण आमच्याकडे बनत नसत. माझे मार्गदर्शक सर मोठ्या शहरातल्या संस्थेत होते. ते बर्फात घालून दोन कुप्या पाठवत, एक दोन पदरांची, एक तीन पदरांची. माझ्याकडे एक खोली, एक फ्रिज, आणि अक्का.

अक्का आमच्या प्रयोगशाळेतली मदतनीस. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. रोज नाचियार्कोविलहून बसने यायची. नवरा पितळी समयांचे साचे करायचा. भट्टीच्या धगीने त्याचे डोळे अधू झाले होते, त्यामुळे घरातली खात्रीची मिळकत हिचीच. नळ्या, थाळ्या, बाटल्या, सगळी काच हिच्या हातून जायची. अकरा वर्षं तिला दर वर्षी नेमणुकीचा नवा कागद मिळायचा, एका वर्षाचा. त्या वर्षी पहिल्यांदाच तिचं नाव कायम करायच्या यादीत चढलं होतं. मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी अकरा वाजता त्याची बैठक होती. फाइलवर एक डाग पडला की नाव खाली, आणि पुन्हा यादी कधी निघेल ते कोणीच सांगू शकत नव्हतं.

आता माझा शोध.

एप्रिलच्या एका दुपारी तीन पदरांची वाटी पिवळी झाली. जी कोरी राहायला हवी ती. पिवळी कसली, पिवळीधमक, दुसरीला लाजवील अशी. शहाण्या माणसाने अशा वेळी काय म्हणावं? "माझं काहीतरी चुकलं," असं म्हणावं. मी काय म्हटलं? मी म्हटलं, जगाचं चुकलंय. आत्या पुरती नेसलेली नवरीसुद्धा धरते, आणि हे पहिल्यांदा मला कळलं!

पुन्हा केलं. पुन्हा पिवळी. तिसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदाही पिवळी. मी सरांना फोन केला. सर सावकाश बोलणारे.

"कंट्रोल पिवळा झाला, म्हणजे आधी कंट्रोलवर शंका घ्यायची, बाई."

"तीनदा केलं, सर."

"चूक तीनदा केली तर तिचा शोध होत नाही."

मी मनात म्हटलं, म्हातारा जळतो. परमेश्वरा, असं मी खरंच म्हटलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं की तुमच्या सुनेचं नाव आता पुस्तकात छापून येणार. त्या शेंगा सोलत होत्या. आमच्या घरची मराठी तंजावरची, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेली. ती काही पुण्याची वाट बघत थांबली नाही. त्या म्हणाल्या, "पुस्तकांत नाव आलं तर येऊंदे गे. आधी रसमला फोडणी घाल."

मी विभागप्रमुख बाईंनाही सांगितलं, प्राचार्यांनाही सांगितलं. एका परिषदेसाठी अर्धं पान लिहूनही पाठवलं. अक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "चांगलं झालं, अम्मा," आणि नळ्यांची जाळी उचलून नळाकडे गेली.

मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी सरांचा फोन आला. त्यांनी त्याच खेपेतले कण त्यांच्या प्रयोगशाळेत तपासून बघितले होते. तीन पदरांची वाटी कोरी. चारदा केलं, चारदा कोरी.

"म्हणजे?" मी विचारलं. 

"म्हणजे तुमच्या नळ्यांत काहीतरी आहे. काचेला काहीतरी लागून राहतंय. कोण धुतं?"

मी अक्काचं नाव घेतलं. किती चटकन घेतलं, ते आठवून आजही मला स्वतःला चिमटा काढावासा वाटतो.

सरांनी ते पत्रातही लिहिलं. पत्र विभागप्रमुखांकडे गेलं. बुधवारी त्यांनी मला बोलावलं. त्यांना डाग विभागावर नको होता. तो कुठेतरी ठेवायला त्यांना जागा हवी होती.

"तुमचा परिषदेचा कागद मागे घ्यावा लागणार. विचारतील का म्हणून. लिहून द्या, काच अस्वच्छ होती."

"तिची बैठक शुक्रवारी आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच आज द्या. कायम केल्यावर काय करायचं आहे लिहून?"

मी दोन ओळी लिहिल्या. "प्रयोगासाठी पुरवलेल्या काचेच्या नळ्या योग्य रीतीने स्वच्छ केलेल्या नव्हत्या." खाली सही केली. माझी सही फार सुंदर होती तेव्हा, शेवटच्या अक्षराला मोराच्या तुऱ्यासारखा फाटा.

बातमी दुपारच्या आत नळापर्यंत पोचली. मी खोलीत आले तर अक्का सगळ्या नळ्या उन्हात मांडून एकेक डोळ्यासमोर धरून बघत होती. मला बघून तिने एक नळी माझ्या हातात दिली.

"बघा, अम्मा."

नळी आरशासारखी होती.

"वास घ्या."

मी घेतला. काही वास नव्हता.

"तुम्ही लिहून दिलंत?"

"विभागाने मागितलं, अक्का."

तिने नळी माझ्या हातातून काढून घेतली आणि जाळीत ठेवली. रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "ह्या मी कोरड्या करून देते. तुम्ही थाळीशी बसता तेव्हा त्या ओल्या असतात."

"म्हणजे काय?"

"जे दिसतं ते सांगितलं," ती म्हणाली आणि बस पकडायला निघून गेली.

मला ते कळलं नाही. खरं म्हणजे मी कळून घेतलं नाही. रात्री झोपले, आणि छान झोपले, हेही कबूल करते.

गुरुवारी सकाळी आमच्या घरची कामवाली भांडी घासून मागच्या अंगणात पालथी घालून गेली. सासूबाईंनी एक डबा उचलला, तांब्यातलं पाणी त्याच्यावरून फिरवलं, मनगटाला एक झटका देऊन पाणी झाडलं आणि डबा स्वैपाकघरात नेला. दुसरा डबा. पाणी, झटका, आत. आमच्याकडे हे असंच चालायचं. घासणारीचा हात लागलेलं भांडं पाणी फिरवल्याशिवाय आत येत नाही. भांडं स्वच्छ असतं, ते सगळ्यांना माहीत असतं. पाणी स्वच्छतेसाठी नसतंच. लग्न होऊन आल्यापासून हजारो वेळा हे बघितलं होतं आणि हजारो वेळा केलं होतं.

सासूबाईंनी तिसरं भांडं उचललं, आणि मला त्यांच्या हाताच्या जागी माझा हात दिसला. उजवा हात, त्यात काचेची नळी. डाव्या हातात पिळायची बाटली. पाणी, झटका, पुढची नळी.

माझ्या हातातली कॉफीची पसरट वाटी, आमचा डवरा, कलंडली.

"काय झालं गे तुज? भाजलीस?" सासूबाई ओरडल्या.

"मी नळ्या विसळते," मी म्हटलं.

"कसल्या नळ्या?"

"कॉलेजातल्या. कोणी धुतलेल्या असल्या तरी."

"मग? विसळलीस तर बरंच केलीस की," त्या म्हणाल्या. त्यांना त्यात काही विचित्र वाटलंच नाही. मलासुद्धा इतकी वर्षं वाटलं नव्हतं. अक्काला मी अक्का म्हणत असे, पोंगलला तिला साडी देत असे, आणि तिच्या हातच्या नळ्यांवरून पाणी फिरवत असे. हात आपोआप करायचा, डोक्याला कळवायचा नाही.

तशीच निघाले. केसांत फूल नाही, वेणी अर्धी. प्रयोगशाळेच्या ओट्यावर दोन पिळायच्या बाटल्या होत्या. एक शुद्ध पाण्याची, कोपऱ्यात. दुसरी माझ्या बसायच्या जागेच्या डाव्या हाताला, अगदी हात जाईल तिथे, जिथे आधी पाण्याची असायची. तिच्यावर अक्काच्या अक्षरात चिकटपट्टी होती: ईडीटीए, काचेसाठी. आणि खाली तारीख, मार्चमधली.

मी स्टुलावर बसले. विहिरीचं पाणी आटल्यापासून कॉलेजला बोअरचं पाणी येत होतं. त्याने काचेवर पांढरा थर बसायचा. तो काढायला अक्काने स्वतःच्या डोक्याने रसायनशास्त्राच्या विभागातून हे द्रावण मागून आणलं होतं. ते आधी लावायचं, मग शुद्ध पाण्याने तीनदा धुवायचं. ती तसंच करत होती. आणि मी, शुद्ध पाणी समजून, न बघता, तिच्या धुतलेल्या कोरड्या नळ्यांना तेच द्रावण परत लावत होते.

ईडीटीए काय करतं, ते मी मुलींना दर वर्षी शिकवत होते. ते कॅल्शियम हिसकावून घेतं. निऱ्यांच्या पिना! नळीच्या तळाशी राहिलेले दोन थेंब पुरे. तीन पदरांची नवरी माझ्या नळीत उतरली की तिची नऊवारी गळून पायाशी पडायची. मग ती दोन पदरांचीच उरायची, आणि आत्याने तिला धरलं नसतं तरच नवल. माझा शोध म्हणजे मी नवरीचं लुगडं फेडलं आणि गावभर ओरडत सुटले की नवरी उघडी आहे.

त्याच क्षणी उठून विभागप्रमुखांकडे जायला हवं होतं. गेले नाही. स्वतःला म्हटलं, शास्त्रज्ञ पुराव्याशिवाय बोलत नाही. पण खरं सांगते, आत कुठेतरी एक लबाड बाई बसली होती, तिला वाटत होतं की प्रयोग केला तर कदाचित कारण दुसरंच निघेल, आणि हे सगळं कोणाला सांगावं लागणार नाही.

तीन पदरांच्या कुपीत तळाशी थोडंच उरलं होतं. दोन वाट्या होतील एवढं. चुकलं तर सरांकडून नवी कुपी यायला पंधरा दिवस, आणि बैठक दुसऱ्या दिवशी अकराला. संध्याकाळी मी थाळीत आत्याचा हात चिकटवून ठेवला.

शुक्रवारी सातला प्रयोगशाळेत होते. अक्का साडेसातला आली. नेहमीची सुती साडी नव्हती. बैठकीसाठी चांगली, हिरव्या काठाची नेसली होती.

"आज प्रयोग?" तिने विचारलं.

"हो. मला दोन नळ्या दे. तू धुतलेल्या."

तिने दिल्या. कोरड्या. मी एक तशीच ठेवली. दुसरी तिच्यासमोर उचलली, डाव्या हाताने बाटली घेतली, फिरवली, झटकली. तिने बघितलं. तिचे डोळे माझ्या मनगटावर होते, बाटलीवर नव्हते.

कुपीतला शेवटचा अंश मी दोन्ही नळ्यांत वाटला.  एक बुडबुडा आला, तो मी नळीला टिचकी मारून घालवला. मग कण वाट्यांत. एक तास. उबवणपेटीची गरज नव्हती, मे महिन्यात कुंभकोणमच सदतीस अंशांवर असतं. मी घड्याळासमोर बसले. अक्का खिडकीच्या काचा पुसत होती, त्या दोनदा पुसून झाल्या होत्या. मग धुणं, मग चिकटलेले कण ओळखणारं प्रतिद्रव्य, मग आणखी एक तास. साडेनऊला वीज गेली. पंखा थांबला. आमच्या दोघींच्या श्वासांचे आवाज ऐकू यायला लागले.

"लागते का वीज तुम्हाला?" तिने विचारलं.

"नाही. फक्त वेळ लागतो."

"तो तर नाहीच," ती म्हणाली.

पुन्हा धुणं. साडेदहा होऊन गेले. शिपाई येऊन सांगून गेला की प्राचार्य आले, विभागप्रमुख आल्या, अक्काला बाहेर बसायला सांगितलंय. ती गेली नाही. दारात उभी राहिली. मी शेवटचं औषध वाट्यांत घातलं. दोन पदरांच्या कणांची वाटी लगेच निळी झाली, म्हणजे औषध जिवंत होतं. विसळलेल्या नळीची वाटी काठाकडून निळी व्हायला लागली, आधी धुरासारखी, मग गडद. कोरड्या नळीची वाटी मी बघतच राहिले. एक मिनिट. पाच मिनिटं. दहा मिनिटं. पाणी. मी वरून आम्ल घातलं; निळ्या होत्या त्या पिवळ्या झाल्या आणि ती एक तशीच राहिली, गंगेच्या गडूसारखी स्वच्छ.

अकराला पाच कमी होते. मी थाळी हातात धरूनच निघाले.

बैठकीच्या खोलीत तिघं होती: प्राचार्य, विभागप्रमुख बाई आणि संस्थेचे एक वयस्क सभासद. अक्का माझ्या मागून आली आणि दाराशी थांबली. माझं पत्र टेबलावर होतं, मोराच्या तुऱ्याची सही वर.

"मला ते पत्र परत हवंय," मी म्हटलं.

"का?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"नळ्या स्वच्छ होत्या. त्यांत द्रावण मी घातलं. हे बघा." मी थाळी ठेवली, कोणती वाटी काय ते सांगितलं. प्राचार्य भौतिकशास्त्राचे, त्यांना पिवळं आणि कोरं एवढं कळलं. पण विभागप्रमुख हुशार होत्या.

"थांबा. धुतलेल्या नळ्या तुम्ही परत विसळल्या?"

"हो."

"कशासाठी?"

"सवय."

"कसली सवय? कुठल्या पद्धतीत लिहिलंय? तुम्हाला त्या अस्वच्छ वाटल्या, म्हणूनच विसळल्या ना? म्हणजे पत्र बरोबरच आहे."

बघा कसा फास पडला. "सवय" एवढ्यावर मी सुटले असते; अक्का सुटली नसती. खोलीत पंखा नव्हता, वीज अजून आली नव्हती. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. मागे वळून दाराकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"अस्वच्छ वाटल्या नव्हत्या," मी म्हटलं. "आमच्या घरी भांडी घासायला बाई येते. तिने घासलेल्या भांड्यांवरून आम्ही पाणी फिरवतो, मगच आत घेतो. ती स्वच्छच असतात. तिचा हात लागलेला असतो म्हणून फिरवतो. इथे मी तेच करत होते. ह्यांनी धुतलेल्या नळ्यांवर. इतकी वर्षं."

 वयस्क सभासदांनी खाली बघितलं. त्यांच्या घरीही पाणी फिरवत असावेत. प्राचार्यांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. मग पत्र माझ्याकडे सरकवलं.

"मागे घेतलं असं लिहा. कारण लिहा."

मी कारण लिहिलं. दोन ओळींच्या जागी सात ओळी लागल्या. सही केली, ती मात्र साधी आली, तुरा काढायला हात वळला नाही.

अक्काचं नाव यादीत राहिलं. महिनाभराने हुकूम आला. माझा शोध त्याच दुपारी सरांना फोनवर कळवून मी गाडून टाकला. सर हसले नाहीत, ते मला हसण्यापेक्षा जड गेलं; म्हणाले, "चला, आता खरं काम सुरू करा." पुढे मी ते पूर्ण केलं, आत्याच्या हाताचं शेवटचं टोक छाटलं की पकड सुटते हे दाखवलं. इतरांना ते आधीच माहीत होतं, पण माझ्या वाट्या या खेपेला खरं बोलल्या. सासूबाईंनी सगळी हकीकत ऐकून कपाळाला हात लावला. "तिरुवलंचुळीच्या समुद्रफेसाच्या पांढऱ्या गणपतीला कोणी पाणी घालत नाही, घातलं तर विरघळंल म्हणून," त्या म्हणाल्या. "तुला एवढंही कळलं नाही, कोणास न्हाऊं घालायचं नि कोणास नाही?" मागच्या अंगणातल्या भांड्यांवरून पाणी फिरवणं मात्र त्यांनी सोडलं नाही. मी सोडलं, पण त्यासाठी मला आणखी कितीतरी दिवस हाताकडे बघत भांडी उचलावी लागली.

हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी बैठकीतून आम्ही दोघी प्रयोगशाळेत परत आलो तेव्हा वीज आली होती. अक्काने काठाची साडी कमरेला खोचली, बादली आणली. मी तिच्यासमोर उभी राहिले.  शेवटी विचारलं, "अक्का, तुला दिसत होतं ना? मग बुधवारी स्पष्ट का नाही सांगितलंस? तुझी नोकरी चालली होती."

ती फडकं पिळत होती. पिळून झाल्यावर तिने मान वर केली आणि म्हणाली:

"पहिल्या दिवसापासून दिसत होतं, अम्मा. पण सांगायचं झालं तर मला म्हणावं लागलं असतं की माझ्या हातचं तुम्हाला चालत नाही. नोकरी गेली असती तर दुसरी बघितली असती, पण ते मी माझ्या तोंडाने म्हणणार नव्हते. तुमचं होतं, तुम्ही म्हणालात. आता पाय उचला, फरशी पुसायची आहे."